शाल उलटून पाहा

दौलताबादचा किल्ला पाहून वेरूळला जाणारी मंडळी वाटेत हिमरू शाल घेतात. शाल हाती आली की सगळे वरची वेलबुट्टी पाहतात. आमचे सांगणे असे की, आधी ती उलटून पाहा. विणकराची विद्या मागच्या बाजूला उघडी पडते.

कापडाचे मूळ गणित सोपे आहे. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. एक धागा वर, एक खाली, ही झाली मांजरपाटाची साधी वीण. हा क्रम बदलला की कापडाचा स्वभाव बदलतो. मशरूत ताणा रेशमी, बाणा सुती. रेशमाचा धागा ओळीने अनेक आडव्या धाग्यांवरून जातो आणि मग एकाखालून निघतो. म्हणून वर रेशीम चमकते आणि अंगाला सूत लागते. हिमरूत सुती ताण्यावर नक्षीसाठी रेशमाचा जादा बाणा घालतात. नक्षी नसेल तिथे तो मागे मोकळा राहतो, त्यामुळे शालीला ऊब येते. पैठणीत प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात, म्हणून हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. मागे कापलेले किंवा लोंबते धागे दिसले, तर पैसे मोजण्यापूर्वी विचारा.

जुन्या हिमरूच्या मागावर दोन माणसे लागत. एक विणणार, दुसरा वरच्या जाळ्याच्या दोऱ्या ओढणार. नक्षीची ओळन् ओळ त्या दोऱ्यांत बांधलेली असे. पुढे १८०४ साली फ्रान्समध्ये जॅकार्डने हेच काम भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर सोपवले. तशाच भोकांच्या पुठ्ठ्यांवर पुढे पहिल्या पिढीचे संगणक चालले.

आम्ही बी.कॉम. होऊन रोज आकड्यांचे रकाने भरतो. पण हे जाळे बांधणाऱ्याचा हिशेब पाहिला की मान लवते. त्याला अडाणी म्हणायचे कुणी? महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली आणि त्याच्याबरोबर विणकर आले, असे सांगतात. सुलतानाचे नाव सालासह पाठ्यपुस्तकात आले. जाळे बांधणाऱ्यांची नावे कुणी लिहिली नाहीत.

विणकाम आपल्यालाही परके नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे आपल्या समाजातील अनेक घरांत जाडेभरडे कापड विणले जाई. गिरण्यांचे कापड आले आणि माग थांबले. मागाबरोबर त्याचे शब्दही चालले आहेत.

म्हणून माता-भगिनींना विनंती. येत्या रविवारी मुलांना चौकटीची वही द्या. ताणा वर असेल ते घर काळे करायचे, खाली असेल ते पांढरे सोडायचे. एक काळे, एक पांढरे भरले की साधी वीण तयार. मग मुलांना स्वतःची नक्षी काढू द्या. आणि घरात माग पाहिलेले आजी-आजोबा असतील, तर धोट्याला, फणीला, पावडीला ते काय म्हणत, हे त्याच वहीत त्यांच्या नावासह लिहून ठेवा.