बोनस नसलेली दिवाळी, व्हाया चितारआळी

दिवाळी जवळ आली की आपल्या ऑफिसात लंच टेबलवर दोनच विषय. बोनस किती आणि जाणार कुठे? पहिल्याच्या उत्तरावर दुसऱ्याचं उत्तर ठरतं, हे वेगळं सांगायला नको. तिसरा प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारत नाही. गिफ्टचं काय? म्हणजे तोच तो ड्रायफ्रूटचा डबा, जो मागच्या वर्षी आपल्याला आला होता आणि या वर्षी (खरं सांगा!) आपण दुसऱ्या कुणाकडे तरी सरकवणार आहोत. एखाद्या डब्यावर खूण करून सोडला, तर पाच घरं फिरून तो परत मूळ मालकाच्या दारात उभा राहील, याबद्दल माझी तरी खात्री आहे.

मागच्या दिवाळीत आमच्याकडे पहिल्याच प्रश्नाचं उत्तर शून्य होतं. जूनमध्ये नवऱ्याच्या कंपनीने त्याची अख्खी टीमच बंद केली. माझा पगार चालू होता, पण नवऱ्याची नोकरी गेली म्हणून घराचा हप्ता काही अर्धा होत नाही. त्यात भाऊबीज. माझी नणंद पुण्यात, आयटीत, चांगल्या पोस्टवर. भाऊ तिला दर वर्षी काहीतरी दणदणीत देतो, त्याच्या आदल्या वर्षी स्मार्टवॉच दिलं होतं. ऑगस्टमध्ये एका रात्री जेवताना तो म्हणाला, "या वर्षी ताईला नको बोलवूया का?" बस, एवढंच. नोकरी गेल्यापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचलं.

तोडगा काढला तो सासूबाईंनी. चाळीस वर्षं डोंबिवलीत काढून झाली तरी मनातलं बोलायचं झालं की त्या मालवणीवर येतात. "चावदिसाक गावाक जावया काय?" म्हणाल्या. चावदिस म्हणजे नरकचतुर्दशी. गाव म्हणजे त्यांचं माहेर, सावंतवाडीपासून एसटीने पाऊण तास. दर मे महिन्यात कुणी ना कुणी जातं, पण दिवाळीला त्या सोळा वर्षांत गेल्या नव्हत्या. मी वही काढली, वर लिहिलं 20,000, आणि खाली रेघ मारली. प्रवास, खाणं, फिरणं, सगळ्यांच्या भेटवस्तू, सगळं त्या रेघेच्या आत.

तारीख नीट बघा हं!

कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली आणि सावंतवाडी एका रात्रीच्या झोपेवर आली. आम्ही तुतारी एक्स्प्रेस पकडली. पूर्वी हिचं नाव राज्यराणी होतं, 2017 मध्ये केशवसुतांच्या कवितेवरून तुतारी झालं. गाडी दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते, आणि इथेच भलेभले फसतात. शनिवारी रात्री जेवून निघायचं असेल तर तिकीट रविवारच्या तारखेचं काढायचं. आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी उघडतं, त्यामुळे गणपतीच्या आसपासच दिवाळीचा विचार करावा लागतो. एसीच्या मोहात पडलो नाही. स्लीपरमध्ये चौघांचं जाऊनयेऊन तीन हजारांच्या आत बसलं. ज्येष्ठांची सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये बंद केली, नाहीतर आणखी थोडे वाचले असते.

स्टेशनवर एक गोष्ट लक्षात ठेवा. सावंतवाडी रोड हे स्टेशन गावात नाही, मळगावला आहे. तिथून गावात यायला रिक्षा किंवा एसटी. आणि एसटी म्हणजे तर आमच्यासारख्या कुटुंबाची लॉटरीच! 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, लेक सहा वर्षांची म्हणून तिचंही अर्धं. कंडक्टरने तिकिटं फाडली आणि नवरा म्हणाला, "चौघांत फुल तिकीट फक्त माझं, आणि पगार नाही तोही माझाच." जूननंतरचा त्याचा हा पहिला जोक. मी आणि सासूबाई गरजेपेक्षा जरा जास्तच हसलो.

मामांकडे जाताना काय न्यायचं यावर मात्र घरी बरीच डोकेफोड झाली होती. मुंबईहून येणाऱ्याच्या हातात मिठाईचा पुडा असतोच, तो कुणाच्या लक्षातही राहत नाही. सासूबाईंच्या ट्रंकेत त्यांच्या आईवडिलांचा लग्नानंतरचा एक फोटो होता, कोपरे खाल्लेला. तो स्कॅन करून, थोडा साफ करून, मोठा प्रिंट काढून फ्रेम केला. सहाशे रुपये. मामा पहाटे काळोखात बागेत जातात, त्यांच्यासाठी डोक्याला बांधायची बॅटरी, चारशे रुपये. दारात पाऊल ठेवताच मामी "इलास मां एकदाचे!" म्हणाल्या. फोटो उघडल्यावर मामा काही बोललेच नाहीत. उठून ओटीवरचं कॅलेंडर काढलं आणि त्याच खिळ्याला फोटो लावला. रात्री मात्र बॅटरी कपाळाला लावून सगळ्या वाडीत फिरून आले.

चावदिसाची पहाट मी पहिल्यांदाच बघितली. अभ्यंगस्नान झालं की तुळशीपुढे जायचं आणि कारीट नावाचं छोटं कडू फळ डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं. तोच नरकासुर. त्याचा थेंबभर रस जिभेला लावायचा, की कडू तोंडाने दिवाळी सुरू. फराळ? चकल्या-लाडू असतात, पण मान पोह्यांचा. नव्या भाताचे लालसर पोहे, गुळाचे, ताकातले, फोडणीचे, आणि ते खायला शेजारच्या घरात जायचं, शेजारी आपल्याकडे. सकाळी दहापर्यंत आमची सहा घरं झाली होती. या सहा घरांत नवऱ्याला एकदाच कुणीतरी "सध्या काय चाललाहा?" विचारलं. तो "शोधतंय" म्हणाला. समोरच्या आजोबांनी "गावतली, गावतली" म्हणत त्याच्या पानात आणखी पोहे वाढले. प्रश्न तिथेच संपला. ज्या प्रश्नाला घाबरून माणूस तीन महिने नातेवाइकांचे फोन उचलत नव्हता, तो प्रश्न!

तलाव, राजवाडा आणि 120 पत्ते

दुसऱ्या दिवशी सावंतवाडी. गावाच्या मधोमध मोती तलाव, समोर राजवाडा. तलावाच्या काठाने फिरायला पैसे पडत नाहीत आणि संध्याकाळी अख्खं गाव तिथेच भेटतं. राजवाड्याला तिकीट आहे, पण ते काढाच. आत गंजिफा बघायला मिळतात. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. इथल्या दशावतारी संचात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे 120 पत्ते. ही कला जवळजवळ संपली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली, इतरांना शिकवली, म्हणून ती आज आहे. रंगवायला बसलेल्या कारागिराच्या हातातला ब्रश इतका बारीक, की लेकीने विचारलं, "याला एकच केस आहे का?"

पूर्ण संचाची किंमत ऐकून आम्ही सभ्यपणे मान डोलावली. तो आमच्या रेघेच्या खूप बाहेरचा होता, आणि तेवढे दिवस बसून रंगवणाऱ्याचे ते पैसे योग्यच आहेत. त्यांचीच चित्रं असलेल्या छोट्या वस्तूही मिळतात. मी ऑफिसातल्या दोघींसाठी दोन घेतल्या. ड्रायफ्रूटच्या डब्याला माझ्याकडून रामराम!

मग चितारआळी. सावंतवाडीची लाकडी खेळणी म्हणतात ती ही. दुकानांच्या ओळीत रंगांची नुसती दंगल. भोवरे, बैलगाड्या, पाट, पोळपाट-लाटणी, भातुकलीची चूल, जातं, पाटा-वरवंटा. आणि फळं! लेथवर फिरवून घडवलेली, हाताने रंगवलेली. केळ्यावर तपकिरी ठिपके, आंब्याच्या देठाशी लाली, चिरलेल्या कलिंगडात काळ्या बिया. माझ्या लेकीने एक पेरू चावून बघितला, दुकानदाराला सवय असावी, तो नुसता हसला.

नवऱ्याला शॉपिंगचा जाम कंटाळा. मॉलमध्ये तो बाकावर बसून फोन बघतो. इथे मात्र तो एका दुकानात शिरला तो तासभर बाहेर येईना. मी जाऊन बघते तर हा जमिनीवर उकिडवा बसून सीताफळं बघतोय. एक उचलायचं, फिरवायचं, ठेवायचं, दुसरं उचलायचं. "डोळे जरा खोल हवेत," दुकानदाराला सांगत होता. सीताफळाचे डोळे!

गोष्ट अशी, की तो पाच वर्षांचा असताना त्याच्या बाबांनी इथूनच फळांची टोपली नेली होती. दोन भावंडांत सगळी फळं सारखी वाटली गेली, पण सीताफळ एकच. ते ताईला मिळालं. पुढे ते हरवलं आणि त्यावरून घरात महिनाभर महाभारत झालं. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली. हे सगळं मला त्या दुकानात, त्या तासात कळलं. लग्नाला आठ वर्षं झाली असताना.

एक टोपली ताईसाठी, एक भातुकली लेकीसाठी, बैलगाडी भाचीसाठी, पोळपाट मला. बिल झालं छब्बीसशे. मी सवयीने "थोडं कमी करा ना" म्हणायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी कोपर मारलं. डोंबिवलीच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी पंधरा मिनिटं भांडणाऱ्या बाई! बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हाताचा काम तां. भाजी न्हय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोबत एक टिप मात्र देते. घेताना रंग नखाने हलकेच घासून बघा, सांधे हलवून बघा, आणि लहान मुलांसाठी घेत असाल तर सुट्या होणाऱ्या बारीक तुकड्यांची वस्तू टाळा. आणि वर्तमानपत्रात नीट गुंडाळून मागा, ट्रेनमध्ये सगळं बर्थखाली आपटतं.

एक दिवस शिरोड्याला. वेळागरचा किनारा लांबलचक, सुरूच्या सावलीत घरून आणलेली आंबोळी आणि उसळ, वर हॉटेलातली सोलकढी. इथेच 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला आणि इथल्याच शाळेत वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 शिकवलं. सासूबाई पाण्यात गुडघाभर उभ्या राहिल्या, लुगड्याची पर्वा न करता. त्या दिवसाचा चौघांचा खर्च साडेसातशे. वेंगुर्ला आणि आंबोली राहिलंच, चार दिवसांत सगळं उरकायचं नसतं.

पाडव्याच्या संध्याकाळी गाडी, भाऊबीजेच्या सकाळी घर. वहीतला आकडा 13,400. मामींनी दिलेली पाच किलो पोह्यांची पिशवी, आमसुलं आणि आगळाची बाटली यांचा हिशेब त्यात नाही.

ताई दुपारी आली. ओवाळून झालं, नवऱ्याने ताटात वर्तमानपत्राचं गाठोडं ठेवलं. मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन भांडी हलवत होते, पण कान बाहेर. कागदाचा आवाज, मग काहीच नाही. डोकावले तर तिने सीताफळ नाकाशी धरलेलं.

"वास तोच आहे रे," म्हणाली. मग, "माझं तूच हरवलंस ना?"

"हरवलं नव्हतं. गटारात पडलं. काढायला गेलो तर बाबांनी बघितलं, म्हणाले ताईला सांगू नकोस, मी दुसरं आणतो."

"आणलं का नाही मग?"

"चितारआळीत जायचं राहून गेलं असेल."

दोघंही थोडा वेळ टोपलीतली फळं एकेक करून बाहेर काढत बसली. मग ताईने एकदम आवाज चढवला. "आणि रेझ्युमे का पाठवत नाहीस मला? दोन महिने वाट बघतेय. मी विचारलं तर तुला राग येईल म्हणून गप्प." तो उठला आणि लॅपटॉप घेऊन आला.

संध्याकाळी पोह्यांचे दोन भाग केले. मोठा भाग ताईने उचलला, आणि वरून आगळाची बाटलीही नेली.