अनुभव आणायचा कुठून?

२०१५ साली उत्तर प्रदेश सरकारच्या लखनौ येथील सचिवालयात शिपायांच्या ३६८ जागा भरण्यासाठी अर्ज मागवण्यात आले. पात्रता अगदी साधी होती. उमेदवार पाचवी पास असावा आणि त्याला सायकल चालवता यावी. अर्ज आले सुमारे २३ लाख! २०११ च्या जनगणनेनुसार साऱ्या लखनौ शहराची लोकसंख्याच २८ लाखांच्या आसपास होती. म्हणजे एकेका जागेमागे सव्वासहा हजार इच्छुक. त्यांत दीड लाखाहून अधिक पदवीधर होते आणि २५५ जण तर चक्क पीएच.डी. झालेले. २०१८ मध्ये याच राज्याच्या पोलीस खात्याने निरोप्यांच्या ६२ जागा काढल्या, तेव्हाही ९३ हजार अर्जदारांत ३,७०० पीएच.डी. निघाले.

अशा बातम्या वाचल्या की लोक हळहळतात. कुणी शिक्षणपद्धतीला नावे ठेवतो, तर कुणी तरुणांच्या सरकारी नोकरीच्या हव्यासाला. हव्यास आहे, हे खोटे नाही. पण त्या पात्रतेकडे पुन्हा एकदा पाहावे. तिच्यात अनुभवाची अट नव्हती. सायकलीचा अनुभव मात्र जवळजवळ प्रत्येकापाशी असतो.

खासगी नोकरीच्या जाहिरातीत ही अट हमखास भेटते. 'किमान दोन वर्षांचा अनुभव आवश्यक.' जागा साध्या कारकुनाची असो, हिशेबनीसाची असो की दुकानातल्या विक्रेत्याची. हजरतगंज किंवा गोमतीनगरमधल्या एखाद्या कार्यालयात नुकताच पदवीधर झालेला मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून, प्रमाणपत्रांची फाइल काखेत धरून जातो. शहर अदबीचे, त्यामुळे नकारही अदबीनेच मिळतो. पाणी विचारले जाते, बसायला खुर्ची दिली जाते आणि मग सांगितले जाते, "आधी कुठेतरी दोन वर्षे काम करा, मग जरूर या." तो दुसरीकडे जातो. तिथेही हेच. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही आणि पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येणार नाही, असा हा पेच.

लखनौच्या दोन नवाबांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. 'पहले आप, पहले आप' करता करता दोघांची गाडी निघून गेली. नोकरी देणाऱ्यांचेही तसेच चालले आहे. नवख्याला शिकवायचे म्हणजे वेळ जातो, माल बिघडतो, चुका निस्तराव्या लागतात. आणि एवढे करून तो तयार झाला की शेजारचा पाचशे रुपये जास्त देऊन त्याला उचलून नेतो. छोट्या व्यावसायिकाची ही भीती अगदीच अनाठायी नाही. म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याला म्हणतो, पहले आप. आधी तुम्ही याला शिकवा, मग आम्ही घेऊ. गाडी मात्र त्या मुलाची चुकते.

मग घरात सुरू होते ते वेगळेच. पहिले सहा महिने आई धीर देते, वडील ओळखीच्या लोकांना फोन करतात. वर्ष उलटले की लग्नकार्यात 'सध्या काय करतोस?' हा प्रश्न नको म्हणून मुलगा घरीच थांबू लागतो. कुणी काकांच्या दुकानाचा खोटा अनुभवाचा दाखला मिळवतो, कुणी बिनपगारी राबायला तयार होतो. ज्याच्या घरी दोन वर्षे फुकट काम करण्याइतकी ऐपत आहे, त्याला अनुभव मिळतो. ज्याला पगाराची सर्वांत जास्त गरज, त्याला तो मिळत नाही. मुलींच्या वाट्याला तर बिनपगारी उमेदवारीही क्वचितच येते. बसभाड्याचे पैसे घालून, संध्याकाळी उशिरा परतायचे, तेही पगाराशिवाय? घरातूनच नकार येतो.

'उमेदवार' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उमेद म्हणजे आशा. जुन्या मराठीत उमेदवारी करणे याचा अर्थच असा की पुढे जागा मिळेल या आशेवर कचेरीत बिनपगारी काम करायचे. शब्दाने प्रामाणिकपणे सांगितले होते, हाती आहे ती फक्त आशा.

ही आशा कायद्याच्या चौकटीत बसवण्यासाठी १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. प्रशिक्षण, त्या काळातले विद्यावेतन आणि शेवटी प्रमाणपत्र, अशी व्यवस्था झाली. पण शिकवून तयार केलेल्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नव्हते. याच मुद्द्यावरून उत्तर प्रदेशातला एक वाद थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. लखनौला मुख्यालय असलेल्या राज्य परिवहन महामंडळात शिकाऊ म्हणून तयार झालेल्या तरुणांनी संघटना काढली होती. तिच्या नावातच 'बेरोजगार' हा शब्द होता! अनुभव होता, तोही याच महामंडळाच्या कामाचा, आणि तरीही नोकरी नव्हती.

जानेवारी १९९५ मध्ये निकाल लागला. शिकाऊ उमेदवारी केली म्हणून नोकरीचा हक्क मिळत नाही, पण इतर बाबी समान असतील तर बाहेरून येणाऱ्यापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. त्यांचे नाव रोजगार विनिमय केंद्रामार्फतच आले पाहिजे असे नाही, प्रशिक्षणात गेलेल्या काळाचा विचार वयाच्या अटीत व्हावा आणि आधी शिकून गेलेल्याला आधी संधी मिळावी, हेही त्यात आले. पुढे २०१४ च्या दुरुस्तीने प्रशिक्षित उमेदवारांच्या भरतीविषयी स्वतःचे धोरण ठरवणे मालकांवर बंधनकारक झाले. धोरण ठरवणे, हं. भरती करणे नव्हे. महाराष्ट्रातही २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. त्यात पदवीधराला महिना १० हजार रुपये ठरले. सहा महिने संपत आले, तसा त्या मुलांपुढेही तोच जुना प्रश्न उभा राहिला: आता पुढे काय?

त्याच लखनौत चौकाच्या सराफ्यात आपली मराठी माणसे सोन्याचांदीच्या गलाईचे काम करतात. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातून निघून ही मंडळी देशभर पसरली. इथे अनुभवाचा दाखला कुणी मागत नाही. गावाकडचा पोरगा मामाबरोबर किंवा चुलत्याबरोबर येतो, आधी झाडलोट करतो, मग भट्टीपाशी बसतो, मुशीतला धातू कधी उतरवायचा हे पाहून पाहून शिकतो. पाहुण्याचा पोरगा म्हणून त्याच्या चुका पोटात घातल्या जातात. काही वर्षांनी तो दुसऱ्या गावी स्वतःची भट्टी टाकतो आणि आपल्या भाच्याला बोलावून घेतो. अर्थात ज्याचा मामा सराफ्यात नाही, त्याला हा दरवाजाही बंदच.

आणि त्याच चौकाच्या गल्ल्यांमध्ये बायका घरी बसून चिकनचे काम करतात. कुणी वीस वर्षे, कुणी तीस. २००८ मध्ये या कामाला भौगोलिक निर्देशांकाची मोहोर मिळाली. पण यातल्या एखादीने उद्या नोकरीचा अर्ज भरायचा ठरवला, तर अनुभवाच्या रकान्यात लिहायला तिच्यापाशी एकही कागद नसतो. कापड आणून देणारा मध्यस्थ दाखला देत नाही, नगावर मजुरी देतो.