लुईझियानाचं पातेलं, ह्यूस्टनचा ओव्हन

लुईझियानाच्या दक्षिण भागात उन्हाळा सरताना भाताची कापणी उरकते आणि पुढे थंडीच्या तोंडावर त्याच खाचरांत पुन्हा पाणी सोडतात. या वेळी लावणी नसते. जमिनीत बिळं करून दडलेले क्रॉफिश पाणी आलं की बाहेर पडतात, कुजणाऱ्या धसकटांवर पोसले जातात आणि जानेवारीपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत जाळीच्या सापळ्यांत सापडत राहतात. क्रॉफिश म्हणजे गोड्या पाण्यातला बोटभर शेवंडच. एकाच शेतातून भात आणि क्रॉफिश, अशी दोन पिकं निघतात. या भागातल्या ब्रो ब्रिज नावाच्या गावाला राज्याच्या विधिमंडळाने १९५९ साली ‘जगाची क्रॉफिश राजधानी’ असं रीतसर जाहीर केलं.

‘सीफूड बॉईल’चं, म्हणजे क्रॉफिश किंवा कोळंबी, बटाटे आणि मका एकत्र उकळण्याच्या प्रकाराचं, मूळ शोधायला निघालं की वाट अशा गावांत येते. १७५५पासून ब्रिटिशांनी कॅनडाच्या किनाऱ्यावरून हाकलून दिलेले फ्रेंच भाषक पुढे इथल्या दलदलीच्या मुलखात वसले. त्यांना आज केजन म्हणतात. हे लोक कॅथलिक. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळी मात्र चालते, आणि क्रॉफिशचा हंगाम नेमका त्याच सुमाराला ऐन भरात. गुड फ्रायडेला अंगणाअंगणांतून पातेली चढतात ती त्यामुळे.

माझी एक सहकारी दक्षिण लुईझियानातल्या लाफायेटची. तिच्या माहेरच्या अंगणात मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला. प्रोपेनची शेगडी, तिच्यावर साठ-सत्तर लिटरचं ॲल्युमिनियमचं पातेलं, आत भोकांची मोठी जाळी. पाण्यात मीठ, लाल तिखट, लिंबं, लसणाचे अख्खे गड्डे आणि मसाल्याच्या पुरचुंड्या. आधी बटाटे, मग सॉसेज आणि कणसं, शेवटी पोतंभर जिवंत क्रॉफिश. उकळी परत आली की काही मिनिटांत ज्योत बंद. मला वाटलं, झालं. पण खरं काम तिथून पुढे होतं. तिच्या वडिलांनी पाणी गार करायला पातेल्यात बर्फ टाकला आणि सगळं अर्धा तास तसंच मुरत ठेवलं. “शिजतं ते उकळीत,” ते म्हणाले, “चव येते ती भिजण्यात.” मग जाळी उचलून सगळा ढीग वर्तमानपत्रं अंथरलेल्या लांब टेबलावर ओतला. ताटं नाहीत, काटे-चमचे नाहीत. उभं राहायचं, डोकं पिळून काढायचं, शेपटीतलं मांस खायचं आणि डोक्यातला पिवळा रस चोखायचा. कोकणात कुर्लीची नांगी दाताने फोडत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

पूर्वेला अटलांटिकच्या बाजूला हाच प्रकार कोळंबीचा होतो. साउथ कॅरोलायनातल्या सेंट हेलेना बेटावर फ्रॉगमोर नावाची वस्ती आहे. तिथल्या मासळीच्या धंद्यातल्या रिचर्ड गे यांनी १९६०च्या दशकात नॅशनल गार्डमधल्या सोबत्यांसाठी कोळंबी, सॉसेज आणि मका एकत्र उकळला, असं सांगतात. ‘फ्रॉगमोर स्ट्यू’ हे नाव त्या वस्तीवरूनच. पण त्या किनाऱ्यावर गुलामगिरीत आणलेल्या पश्चिम आफ्रिकी लोकांचे वंशज, गल्ला-गीची समाज, पिढ्यान्‌पिढ्या कोळंबी आणि खेकड्यांवर जगत आले आहेत. एका भांड्यात समुद्र आणि शेत एकत्र शिजवणं त्यांच्या घरांत आधीपासूनचं. श्रेय एका माणसाच्या नावे लागलं, तरी हात अनेकांचे आहेत, असं मला वाटतं.

हे घरी करायचं ठरवलं, पण ह्यूस्टनला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीत गॅसची शेगडी लावायला इमारतीच्या नियमानुसार मनाई, आणि ती रास्तच आहे. लाकडी बांधणीच्या इमारतीत एक ठिणगी पुरते. स्वयंपाकघरातली शेगडी विजेची. तिच्यावर साठ लिटर पाण्याला उकळी येईपर्यंत पाहुणे झोपी जातील. राहिला ओव्हन. अमेरिकेतल्या बहुतेक घरांत तो असतोच, आणि गेल्या काही वर्षांत ओव्हनमधला बॉईल घराघरांत पोचला तो त्यामुळेच. लाफायेटकर सहकारीला मात्र हे पटत नव्हतं. “पाणीच नाही, तर बॉईल कसला?” हे तिचं म्हणणं. तिचा आक्षेप मी मनावर घेतला, कारण त्यात तथ्य होतं. तिच्या वडिलांचं ते भिजवणं ओव्हनमध्ये कुठून आणायचं?

याचं अर्धं उत्तर ह्यूस्टननेच देऊन ठेवलं आहे. १९७५मध्ये सायगॉन पडल्यावर अमेरिकेत आलेल्या व्हिएतनामी निर्वासितांपैकी अनेक जण मेक्सिकोच्या आखाताच्या काठी स्थिरावले. हवा ओळखीची, काम ओळखीचं: कोळंबीच्या होड्या. गोऱ्या मच्छीमारांशी खटके उडाले, गॅल्व्हस्टनच्या खाडीत कु क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेने त्यांना धमकावलं. १९८१मध्ये व्हिएतनामी मच्छीमारांच्या संघटनेने क्लॅनला कोर्टात खेचलं आणि न्यायाधीश गॅब्रिएल मॅक्डोनल्ड यांनी क्लॅनला मनाईहुकूम बजावला. याच समाजाने पुढे ह्यूस्टनमध्ये केजन क्रॉफिशला नवं वळण दिलं. उकळून बाहेर काढलेले क्रॉफिश ते लोणी, भरपूर लसूण आणि मसाल्यात घोळवू लागले. बेलेअर बुलेवार्डवर संध्याकाळी हिंडलं की त्या लसणाच्या लोण्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. लुईझियानात मसाला पाण्यात असतो. इथे तो कवचाच्या बाहेर, लोण्यात असतो आणि बोटांवरून तोंडात जातो. ओव्हनमधला बॉईल या दुसऱ्या घराण्यातला आहे. त्याला पातेल्याची कमअस्सल नक्कल समजलं की त्याच्याकडून भलत्याच अपेक्षा केल्या जातात.

मसाला विकतचाच घ्यावा, असं माझं मत आहे. न्यू ऑर्लिन्सची झॅटरेन्स ही कंपनी १८८९पासूनची. तिची ‘क्रॅब बॉईल’ची पुरचुंडी कापून ताटलीत ओतली तर मराठी माणसाला अर्ध्याहून जास्त ऐवज ओळखू येतो: मोहरी, अख्खे धणे, शेपूचं बी, लाल मिरची. दुसरा डबा ‘ओल्ड बे’चा. तो दक्षिणेतला नाही, बाल्टिमोरचा. गुस्ताव ब्रुन हे जर्मनीतले ज्यू मसाला व्यापारी. नाझींनी त्यांना बुखेनवाल्डच्या छळछावणीत डांबलं होतं. तिथून सुटून ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि १९३९मध्ये त्यांनी बाल्टिमोरच्या खेकड्यांसाठी हा मसाला बनवला. सेलरीच्या बियांचं मीठ हा त्याचा कणा. बाल्टिमोरला खेकडे उकळत नाहीत, मसाला चोपडून वाफवतात. ओव्हनमध्ये झाकलेल्या ट्रेत वाफच काम करत असल्याने हा डबा तिथे जास्त कामाचा. पुरचुंडी पाण्यासाठी, डबा लोण्यासाठी, अशी विभागणी मी करते.

आई अलिबागहून आली तेव्हा ऑक्टोबर होता. क्रॉफिशचा हंगाम कधीच संपलेला. तसेही जिवंत क्रॉफिश ओव्हनमध्ये घालायची गोष्ट नव्हे. त्यांना खळखळतं पाणीच हवं. पण शरदात गॅल्व्हस्टनच्या खाडीत पांढरी कोळंबी भरपूर असते. आम्ही सीब्रूकला गेलो. होड्या लागतात तिथेच दुकानं आहेत आणि कोळंबी डोक्यासकट मिळते. आईला भाषेची अडचण आली नाही. तिने एकेक उचलून डोकं धडाला घट्ट आहे का पाहिलं, मिशा शाबूत आहेत का पाहिलं, एका ढिगाकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्याकडे बोट दाखवलं. दुकानदार व्हिएतनामी आजी होत्या. त्यांनीही मान हलवली आणि आतून आणखी ताजी पाटी आणली.

खेकड्यांच्या तंगड्यांपाशी माझा हात जरा थबकतो. बॉईलच्या फोटोंत हमखास दिसणाऱ्या त्या लांब नारिंगी तंगड्या स्नो क्रॅबच्या. त्या दक्षिणेतल्या नाहीतच, अलास्का आणि कॅनडाच्या थंड समुद्रातून येतात. अलास्काच्या बाजूला, बेरिंग समुद्रात, २०१८-१९च्या उष्णतेच्या लाटेनंतर अब्जावधी खेकडे नाहीसे झाले. ऊन पाण्यात त्यांची भूक वाढली आणि खायला पुरेसं उरलं नाही, असं संशोधकांना आढळलं. ऑक्टोबर २०२२मध्ये तिथली स्नो क्रॅबची मासेमारी इतिहासात प्रथमच बंद ठेवावी लागली. आखाताकाठी राहून आखाताची कोळंबी आणि इथलेच निळे खेकडे घ्यावेत, असं मला मनापासून वाटतं. तंगड्या घेतल्याच, तर एक ध्यानात ठेवायचं: त्या शिजवून गोठवलेल्या असतात. त्यांना फक्त गरम करायचं असतं.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला तो सालांचा.

“अगं, सोलायची नाहीस?”

“नाही आई, सालीसकटच. पाठीवर कात्रीने चिरायची आणि धागा काढायचा.”

“मग डोकी?”

“ती काढून टाकते.”

“टाकतेस कशाला? उकळ ती. बटाट्यांना मीठ कशाने लागणार तुझ्या?”

माझ्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर हे होतं. ओव्हनमधल्या बॉईलची जी तक्रार सगळे करतात, की बटाटा आणि मका सपक लागतात, वर नुसतं तिखट लोणी, तिचं कारण साधं आहे. पातेल्यात बटाटा मिठाच्या, मसाल्याच्या पाण्यात शिजतो आणि त्यातच मुरतो. ओव्हनमध्ये मसाला लोण्यात असतो, आणि लोणी बटाट्याच्या आत शिरत नाही. म्हणून बटाट्याचं मीठ ओव्हनच्या आधीच व्हायला हवं. आईने कोळंबीची डोकी थोड्या तेलात लाल होईपर्यंत परतली, डावेने चेचली, पाणी घातलं आणि वीस मिनिटांनी गाळून घेतलं. त्या केशरी पाण्यात मीठ सढळ हाताने, मसाल्याची पुरचुंडी आणि लहान लाल बटाटे. बटाटे जेमतेम शिजल्यावर त्यातच मक्याचे तुकडे टाकले, आच बंद केली आणि झाकण ठेवून दिलं. लाफायेटच्या अंगणातलं भिजवणं असं छोट्या पातेल्यात आलं.

पुढचं काम वेळेचं. आंदुई या धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या तव्यावर परतून त्यांची चरबी सुटू द्यायची. लोणी मंद आचेवर वितळवून त्यात बारीक चिरलेला लसूण भरपूर घालायचा. तो रंगू द्यायचा नाही, कडवटपणा सगळ्या ट्रेभर पसरतो. मग ओल्ड बे, पॅप्रिका, लाल तिखट, लिंबाचा रस. मिरचीचा तिखटपणा आणि पॅप्रिकाचा रंग दोन्ही स्निग्धात विरघळतात, म्हणून हे मसाले गरम लोण्यात पडले की रंग लगेच फुलतो. बटाटे, मका, सॉसेज खोल ट्रेत, वर निम्मं लोणी आणि पळीभर डोक्यांचं पाणी. फॉइल घट्ट लावून ३७५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १९० सेल्सिअसला, पंधरा मिनिटं. मग फॉइल उचलून कोळंबी आणि असल्यास तंगड्या घालायच्या, उरलेलं लोणी ओतायचं आणि फॉइल पुन्हा लावायची.

या दुसऱ्या टप्प्यात ओव्हनपासून हलायचं नाही. ओव्हनची हवा १९० अंशांवर असली तरी फॉइलच्या आत वाफ आहे, आणि वाफ शंभराच्या आसपासच राहते. म्हणून काही करपत नाही. पण कोळंबी भराभर शिजते. मोठी कोळंबीसुद्धा दहा-बारा मिनिटांत होते. अर्धवर्तुळात वळली, पाठीवरच्या चिरेतून मांस पांढरं दिसलं, की काढायची. शेपूट डोक्याच्या बाजूला टेकून पूर्ण वेटोळं झालं तर ती चिवट झाली.

बाजारात ओव्हनसाठी खास नायलॉनच्या पिशव्या मिळतात आणि पुष्कळ जण सगळा बॉईल त्यांच्यात करतात. पिशवीत आधी चमचाभर मैदा घालून ती हलवायची, वरच्या बाजूला चिरा द्यायच्या, ओव्हनच्या भिंतीला लागणार नाही अशी ठेवायची आणि ४०० फॅरनहाइटच्या वर जायचं नाही. साधी प्लास्टिकची पिशवी कधीही वापरायची नाही. मला ट्रे आणि फॉइल जास्त बरं वाटतं, कारण मधेच उघडून कोळंबी घालता येते. पिशवीत सगळं एकदम जातं, आणि बटाट्याची वेळ कोळंबीला लावली की कोळंबीचं रबर होतं.

जेवायला लाफायेटकर सहकारी आली होती. टेबलावर वर्तमानपत्रं अंथरली, ट्रे मधोमध ओतला. आईने एका हाताने कोळंबी सोलायला सुरुवात केली, डावा हात कोरडा ठेवून, जसं पंगतीत बसून खावं तसं. सहकारी दोन्ही हातांनी खात होती. ती आधी बटाट्याकडे गेली. तिने तो फोडला, लोण्याला न लावता नुसताच खाल्ला आणि विचारलं, “हा कशात उकळलास?” आईने भांड्यात उरलेलं डोक्यांचं पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं. तिने चमच्याने चाखलं, मग मक्याचा तुकडा त्यात बुडवून खाल्ला. थोड्या वेळाने तिने ते भांडं उचललं आणि सगळ्या ढिगावर रिकामं केलं. सॉसेजची एक चकती बोटांत धरून ती मला म्हणाली, “हे तव्यावर परतू नकोस. बटाट्यांबरोबर त्या पाण्यात टाक. धुराचा वासही पाण्यात उतरायला हवा.”