तोंड भिंतीकडे!

बीकरला मराठीत काय म्हणतात, माहितीये? परवा आमच्या ग्रुपमध्ये मी हा प्रश्न टाकला, तर आठपैकी एकालाही उत्तर येईना. सगळे इंग्लिश मीडियमवाले, त्यामुळे माफ! उत्तर आहे, चंचुपात्र. चंचू म्हणजे चोच. ओतायला सोपं जावं म्हणून त्या भांड्याला चोच काढलेली असते, म्हणून चंचुपात्र. आहे की नाही सही?

आंबेगाव तालुक्यातल्या माझ्या शाळेत आम्हाला ही सगळी नावं तोंडपाठ होती. चंचुपात्र, शंकुपात्र, मोजपात्र, परीक्षानळी, तिवई, नरसाळं. गंमत म्हणजे यातलं नरसाळं सोडलं तर एकही वस्तू आम्ही हातात धरली नव्हती. नरसाळं घरी रॉकेल ओतायला होतंच! बाकी सगळा संसार काचेच्या कपाटात. कपाटाला कुलूप, चावी हेडसरांच्या ड्रॉवरमध्ये. फुटलं तर भरून कोण देणार, हा साधा हिशोब होता आणि तो चुकीचा होता असंही मी म्हणणार नाही. एका वर्गात साठ मुलं आणि परीक्षानळ्या दोन डझन म्हटल्यावर हेडसरांच्या जागी मी असते तरी चावी जपूनच ठेवली असती.

त्या कपाटाशेजारी भिंतीवर सुरक्षा नियमांचा तक्ता होता. प्रयोगशाळेत धावू नये. रसायनांची चव घेऊ नये. उरलेलं रसायन पुन्हा बाटलीत ओतू नये. वायूचा वास थेट नाकाने घेऊ नये. आठवीत आम्ही तो तक्ता प्रयोगवहीत उतरवून काढला आणि मार्क मिळाले ते अक्षराला. मराठीतलं हे ‘नये’ मला तेव्हापासून डोक्यात जातं. वाक्य ‘नये’वर संपलं की संपलं, पुढे ‘का’ विचारायची सोयच नाही. तिन्हीसांजेला झोपू नये, मंगळवारी नखं कापू नयेत, आम्लात पाणी ओतू नये. सगळं एकाच रांगेत. आमच्या दृष्टीने तिघांचं वजनही सारखंच.

नववीत विज्ञानाला नवे सर आले. वय आता माझं आहे तेवढंच असेल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कपाट उघडायला लावलं आणि पाच-पाच जणांच्या गटाला एक-एक परीक्षानळी दिली. आम्ही सॉलिड खूश! आता काहीतरी पेटणार, रंग बदलणार, जमलंच तर फुटणार. पण सरांनी नळीत काय ओतलं? पाणी. नुसतं नळाचं पाणी. नळी चिमट्यात धरायची, तिरकी करायची, स्पिरिटच्या दिव्यावर हलवत हलवत तापवायची आणि नळीचं तोंड कुणाच्याही अंगावर येणार नाही असं भिंतीकडे वळवायचं. सर ओरडायचे, ‘‘तोंड भिंतीकडे!’’ पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाने नळी जागच्या जागी ठेवून स्वतःचीच तोंडं भिंतीकडे फिरवली. सर कपाळावर हात मारून इतके हसले, की आम्हाला कळेना आपलं चुकलं काय.

पाण्याचाच तास पूर्ण आठवडाभर चालला. वर्ग वैतागला. शनिवारी सरांनी आम्हाला लांब उभं केलं, चष्मा लावला आणि एक नळी मुद्दाम चुकीची धरली. सरळ उभी, न हलवता, ज्योत बरोबर बुडाखाली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एकदम ‘फस्स’ झालं आणि नळीतलं पाणी उसळून समोरच्या भिंतीवर गेलं. बुडाशी वाफेचा फुगा झाला की तो वरचं सगळं पाणी घेऊनच बाहेर पडतो, सर म्हणाले. ‘‘हे पाणी होतं. आता भिंतीच्या जागी शेजारची मुलगी आणि पाण्याच्या जागी ॲसिड समजा.’’

त्यानंतर मला तो नियम कधी पाठ करावा लागला नाही.

मग सरांनी एकेका ‘नये’च्या मागचं ‘कारण’ काढायला सुरुवात केली. गंधकाम्ल पाण्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जड. त्याच्यावर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, दोघं जिथे भेटतात तिथे प्रचंड उष्णता निर्माण होते, वरचं पाणी तिथल्या तिथे उकळतं आणि ॲसिडचे थेंब घेऊन उडतं. उलट भरपूर पाण्यात थोडं थोडं ॲसिड सोडलं तर ते खाली जात मिसळतं आणि उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. पिपेट तोंडाने ओढू नये याचं कारण तर सर स्वतःच होते. त्यांच्या कॉलेजात सगळे पिपेट तोंडानेच ओढायचे, तशीच पद्धत होती. एकदा कॉस्टिक सोडा तोंडात आला. ‘‘चव अजून आठवते,’’ ते म्हणाले. ‘‘साबणासारखी. आणि मग पंधरा दिवस भात सोडून काही खाता येत नव्हतं.’’

आता इथून थोडं आजोळी जाऊ. आजोळ जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ, आमच्यापासून एसटीने फार तर तासाभरावर. मामाची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी झाली की नव्या फुटीवर डाऊनी येऊ नये म्हणून फवारण्या सुरू होतात आणि नेमकी तेव्हाच आम्हाला दिवाळीची सुट्टी. त्या वर्षी मी पहिल्यांदा मामाला बोर्डो करताना नीट बघितलं आणि चक्रावलेच. हा तर आमचा प्रॅक्टिकलचा तास होता!

एका प्लास्टिकच्या पिंपात मोरचूद विरघळवायचं. आमच्या कपाटातलं तेच ते निळंशार कॉपर सल्फेट. दुसऱ्या पिंपात कळीचा चुना पाण्यात टाकायचा. तो चरचरतो, वाफा सोडतो, पिंपाला हात लावला तर चटका बसतो. दहावीच्या पुस्तकात हीच क्रिया ‘चुनकळी’ नावाने येते. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि साधारण तेवढाच चुना. मग दोन्ही द्रावणं तिसऱ्या पिंपात एकत्र करायची. धातूची बादली चालत नाही, मोरचूद ती खातं. शेवटी मामाने कमरेचा विळा काढून त्या आकाशी रंगाच्या द्रावणात बुडवला, वर काढून उन्हात धरला आणि म्हणाला, ‘‘तांबूस झालाय, अजून चुना पायजे.’’

लोखंडी खिळा मोरचुदाच्या द्रावणात ठेवला की त्यावर तांब्याचा थर चढतो. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आकृतीसह सहा मार्क. मामा सातवी शिकलेला. त्याला ‘विस्थापन अभिक्रिया’ हा शब्द माहीत नव्हता आणि काही अडतही नव्हतं. द्रावणात मोकळं तांबं राहिलं तर कोवळी पानं जळतात, ते विळा सांगतो, एवढं त्याला पुरेसं होतं.

या बोर्डोची जन्मकथाही झकास आहे. फ्रान्समधल्या बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद-चुन्याचा सडा मारायचे. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत, बस, एवढ्याचसाठी. १८८०च्या दशकात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की त्या वेलींवर रोगच नाही. चोरांसाठी केलेलं मिश्रण असं जगभरच्या बागांमध्ये पोचलं.

बोर्डोपर्यंत सगळं ठीक होतं. खरी धास्ती पुढची. किडीसाठी जे मारतात त्याला आमच्याकडे ‘औषध’ म्हणतात. औषध आणलं का, औषध मारलं का. शब्दच असा, की भीती वाटावी कशाला? मामा ते औषध बाटलीच्या झाकणाने मोजायचा (आमचं मोजपात्र!), बादलीत कोपरापर्यंत हात घालून ढवळायचा आणि पंपाचं नोझल तुंबलं की काढून सरळ तोंडाने फुंकायचा. मी बघत होते आणि मला सरांची पिपेट आठवत होती. त्याच सुट्टीत एका दुपारी मामा बागेतून आला तो डोकं धरूनच. उलट्या, घाम, हात थरथरतायत. घरात सगळे म्हणाले, ऊन लागलं. नोव्हेंबरात! दवाखान्यात सलाईन लावलं, डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘कुठलं औषध मारत होता? बाटली आणा.’’ मामेभाऊ सायकलवर बाटली आणायला पळाला.

त्या बाटलीवरचा चौकोन मी पहिल्यांदा नीट पाहिला. कोपऱ्यावर उभा केलेला, खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अतिशय विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. देशातल्या प्रत्येक कीटकनाशकाच्या बाटलीवर हा असतोच, कायदाच आहे तसा. आमच्या शाळेच्या तक्त्यावर मात्र तो नव्हता. सुट्टी संपल्यावर मी सरांना हे सांगितलं, तर त्यांनी पुढच्या तासाला कपाट उघडलंच नाही. सगळ्यांना सांगितलं, घरी कॉटखाली, माळ्यावर, गोठ्यात ज्या बाटल्या असतील त्यांना हात न लावता, मोठ्या माणसाला धरायला सांगून, रंग लिहून आणा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर चार रकाने आखले. लाल आणि पिवळ्याचे रकाने भरून खाली जागा उरली नाही. एकीच्या घरी पिवळ्या रंगाची बाटली धान्याच्या कणगीशेजारी होती. वर्गात कुणी हसलं नाही.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा मी मास कॉमच्या वर्गात होते. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ‘शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव’ हे वाक्य सारखं यायचं. मला राग यायचा. ग्लोव्ह्ज न घालणं म्हणजे अडाणीपणा, असं शहरात बसून म्हणणं फार सोपं. एक तर भर उन्हात रबरी हातमोजे आणि मास्क लावून वीस लिटरचा पंप पाठीवर घेऊन बघा. आणि दुसरं, ग्लोव्ह्ज घालूनही भागत नाही. कॅरन वेटरहान ही अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातली केमिस्ट्रीची प्राध्यापक. विषारी धातूंचा तिचा अभ्यास. १९९६च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब तिच्या हातावर सांडले. हातात लॅटेक्सचे ग्लोव्ह्ज होते, सगळे नियम पाळलेले. जून १९९७ मध्ये ती गेली. ते रसायन लॅटेक्समधून काही सेकंदांत आरपार जातं, हे तिच्या अपघातानंतर तपासल्यावर कळलं. आज त्या रसायनासाठी वेगळे, थरांचे ग्लोव्ह्ज सांगतात, ते तिच्यामुळे.

कारण सांगितलं की लोक ऐकतात, याचं उदाहरण मामाच्या गावापासून जवळच आहे. खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली रेडिओ दुर्बीण. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे जुन्नर-आंबेगावच्या शाळा आपापली मॉडेल्स घेऊन जातात. आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो. एरवी सिनेमा हॉलमध्येही फोन बंद न करणारी जनता तिथे निमूट करते. कारण कुणीतरी समजावलेलं असतं, की आकाशगंगांकडून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात, की तुमच्या खिशातला फोन म्हणजे त्यांच्या कानाशी लावलेला डीजे.

सर दोन वर्षांनी बदलून गेले. कपाटाची चावी परत ड्रॉवरमध्ये गेली, असं धाकट्या बहिणीकडून कळलं.

मामा अजून बाग करतो. औषध ढवळायला त्याने काठी ठेवली आहे, फवारणी पहाटे उरकतो, वारा असेल तर थांबतो. रिकाम्या बाटलीला भोक पाडूनच टाकतो. चष्मा मात्र लावत नाही, वाफ धरते म्हणतो, आणि त्यावरून आमचं दर दिवाळीला भांडण होतं. ‘‘मामा, डोळे एकदाच मिळतात,’’ म्हटलं की म्हणतो, ‘‘आगं, दिसलंच नाय तर मारू कुठं? तुमच्या त्या सरांना म्हनावं, हितं येऊन लावून दाखवा.’’ त्याचं अगदीच चूक आहे असं नाही. चांगला, वाफ न धरणारा चष्मा यंदा मी पुण्यातून घेऊन जाणार आहे.

पंपाच्या पट्ट्याला त्याने सुतळीने एक जुना टूथब्रश बांधून ठेवलाय. नोझल तुंबलं की त्यानेच साफ करतो. माझी मामेबहीण आठवीत आहे. तिने त्या ब्रशवर मार्करने लिहिलंय, ‘दात घासू नये’.