उंदरांची हजेरी

मी पुण्यात एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहासाठी सॉफ्टवेअर लिहितो. खोलीचं तापमान २२ अंश, फार तर ३ अंश इकडेतिकडे. १२ तास उजेड, १२ तास अंधार. पारा चुकला की रात्री दोनलाही माझा फोन वाजतो.

एखादं कीटकनाशक रोज थोडंथोडं पोटात गेलं तर काय होतं, हे पाहायला उंदरांवरचा प्रयोग दोन वर्षं चालतो. तीन वेगवेगळ्या मात्रांचे तीन गट आणि ज्यांना औषध मिळतच नाही असा चौथा. प्रत्येकात किमान ५० नर, ५० माद्या. बाकी सगळं सारखं. नाहीतर गाठ औषधानं आली की उकाड्यानं, हे कसं कळणार? सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पिंजरा पाहतात. मेलेला उंदीर पडून राहिला तर ऊती सडतात, पुरावा जातो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. २०१७ साली मी इंजिनिअरिंगला होतो. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. काका फवारणीहून आले ते भिंत धरत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कोणतं औषध? किती? बाबांना सांगता येईना. ड्रममध्ये दोन-तीन औषधं एकत्र, झाकणानं मोजलेली. त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक माणसं गेली. काका वाचले. नजर मात्र अजून अंधूक आहे.

प्रयोगशाळेत साधारणपणे एका वेळी एकच औषध तपासतात. आमच्या ड्रममधलं मिश्रण, वर ऑक्टोबरचं ऊन, असा पिंजरा मी तरी पाहिलेला नाही.

दिवाळीत काकांना माझं काम सांगितलं. ते बराच वेळ ऐकत होते.

"म्हंजे उंदराची रोज दोनदा हजेरी घेता तुमी?"

"हो काका."

"अन् मेला त कशानं मेला, तेबी पायता?"

"हो."

"बरं हाय," म्हणाले. चिडून नाही. मला मात्र मान वर करता आली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी गोठ्यात खिळ्याला एक वही टांगली. तारीख, औषध, किती झाकणं, फवारलं कोणी, सुरू कधी, संपलं कधी. सॉफ्टवेअरमध्ये असतात तेच रकाने. परवा बाबांचा फोन आला : वही अर्धी भरलीय, दुसरी आण.