समुद्र न दिसणारी खोली

मालवणात सिंधुदुर्ग पाहिला, बाजारातून खाजं घेतलं, तारकर्लीला मोटारबोटींच्या गोंगाटात एक संध्याकाळ गेली. लक्षात राहिली ती देवबागची दुपार.

देवबाग म्हणजे कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. मागच्या दारी खाडी, पुढच्या दारी दर्या. उतरलो होतो त्या घरच्या काकू बांगड्याचं तिखलं वाढत होत्या, तेवढ्यात पुण्याचं एक कुटुंब खोली बघायला आलं. खिडकीतून समुद्र दिसत नाही म्हणताच तसंच माघारी फिरलं. मला राग आला. काकू भात वाढत राहिल्या.

"सगळेच इचारतत. पण म्हणान सुरू तोडून दर्याक घरात बोलवू?"

खोल्या त्यांनी मुद्दाम मागे, माडांच्या आत बांधल्यात. पुढे सुरूची झाडं, त्यांच्याही पुढे वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेल. वेल वाळू धरून ठेवते, उंचवटा लाटेचा जोर झेलतो. ऑक्टोबर 2019 मध्ये 'क्यार' वादळानं देवबागात समुद्र घुसला. "बावीचा पाणी खारा झाला," काकू म्हणाल्या. मे 2021 मध्ये 'तौक्ते' आलं. ऐन हंगाम कोरोनानं आधीच बुडवला होता, त्यात माड आडवे झाले, वीज गेली.

"मग भागवलंत कसं?"

"रापणीन जगवल्यान आमका."

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं. घरातले पुरुष आजही ते ओढायला जातात. होड्या विकून नुसत्या खोल्या बांधणाऱ्यांची काकूंना काळजी वाटते, आणि ती मला अगदी रास्त वाटली. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेच्या संशोधकांनी मांडलंय की अरबी समुद्रातली चक्रीवादळं 2001 ते 2019 या काळात आधीच्या दोन दशकांपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतोय. एकाच धंद्यावर उभं असलेलं घर अशा वर्षांत तग धरत नाही.

संध्याकाळी किनाऱ्यानं चालत गेलो, तर पुढे दगडी बंधारा. घरं वाचवायला माणसं तो मागणारच. पण दगडावर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि पुळणच उरली नाही तर पाहुणा कशाला येईल? मला विचाराल तर जिथं अजून वेल आणि सुरू शाबूत आहेत, तिथं आधी ती राखावी.

देवबागला जरूर जा. खोली माडांमागची मागा, समुद्र चालत जाऊन बघा, आणि भाड्यात घासाघीस करू नका.