सुट्या पैशांची गाडी

हल्ली मुंबईच्या ट्रामबद्दल जे काही छापून येतं, त्यात ट्राम फार देखणी असते. कोवळ्या उन्हातून घंटा वाजवत जाणारी, खिडकीशी हॅटवाला साहेब बसलेला. आम्ही लालबागचे. आमच्या ट्रामला घामाचा, खोबरेल तेलाचा आणि पाळी सुटून निघालेल्या गिरणीवाल्यांच्या कपड्यांचा वास यायचा. तिला कुणी देखणी म्हटलेलं मी लहानपणी ऐकलं नाही. ‘मेली आज येतेय की नाही’ एवढंच ऐकलं.

आमचे अण्णा काळबादेवीला एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. सकाळी जेवून निघायचे. भायखळा, जे. जे., भेंडी बाजार करत ट्राम रखडत जायची. पायधुणीला उतरून पुढे चालत पेढी गाठायची. करी रोड स्टेशन आमच्या चाळीच्या मागेच होतं. लोकलने ते मशीदला निम्म्या वेळात पोहोचले असते. मी एकदा तसं विचारलंही.

“पासाला एकदम पैसे मोजावे लागतात,” अण्णा म्हणाले. “ट्रामला रोजचे रोज.”

तेव्हा ते मला कळलं नाही. पुढे स्वतःच्या पगाराची वीस तारीख बघायची वेळ आली तेव्हा कळलं. महिन्याच्या पासात दिवसाचा हिशेब स्वस्त पडतो हे अण्णांना ठाऊक होतं, ते कारकूनच होते. पण पहिल्या तारखेला वाणी, दूधवाला आणि चाळीचं भाडं भागवून हातात उरायचे ते सुटे पैसे. ट्राम या सुट्या पैशांची गाडी होती. बस वेगाने जायची आणि जास्त घ्यायची. ज्याच्याकडे वेळ होता आणि पैसा नव्हता, तो ट्रामने जायचा. आमच्या चाळीत बहुतेक सगळे असेच.

गंमत म्हणजे अण्णा रोज जिथे उतरायचे, त्या पायधुणीतूनच ट्रामची सुरुवात झालेली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली ती दोन मार्गांवर: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. स्टर्न्स आणि किट्रेज या कंपनीच्या तबेल्यात त्यासाठी नऊशे घोडे होते. आधी भाडं तीन आणे आणि तिकीट नाहीच. गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं आणि फुकटे फार झाले म्हणून त्याच वर्षी तिकिटं काढावी लागली. फुकट्यांचा इतिहास ट्रामइतकाच जुना आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. कारण आमच्या वेळीही ती परंपरा जोरात होती.

विजेवरची ट्राम आली ७ मे १९०७ ला, दुमजली १९२० मध्ये. दुमजलीत वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळाली की आम्ही पोरं लाटसाहेब. खाली ड्रायव्हर उभ्यानेच गाडी हाकायचा आणि पायाने घंटा बडवायचा. टपावरच्या दांड्याचं चाक तारेवरून निसटलं की गाडी जागच्या जागी थांबायची. रात्रीची वेळ असली तर आत काळोख. मग कंडक्टर पुटपुटत खाली उतरायचा, दोरी धरून मान वर करून दांडा पुन्हा तारेला लावायचा. तेवढ्या काळोखात दोन-चार जण तिकीट न काढता पसार. परत चढल्यावर कंडक्टर सगळ्यांकडे संशयाने बघायचा आणि आम्ही सगळे अगदी सज्जनासारखे बाहेर बघायचो.

आईला बस आवडायची नाही. बस थांबत नाही, नुसती थबकते, असं तिचं म्हणणं. ट्राम मात्र नऊवारी नेसलेल्या बाईला, तिच्या पिशवीला आणि कडेवरच्या पोराला चढायला सवड द्यायची.

शहर उत्तरेकडे सरकलं त्यातही ट्रामचा हात होता. प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याला नव्या वसाहती आखल्या गेल्या, आणि दादरहून थेट कोटात जाणाऱ्या ट्रामच्या भरवशावर माणसं तिकडे राहायला गेली. पुढे त्याच माणसांपैकी ज्यांना ऐपत आली त्यांनी मोटारी घेतल्या, आणि मोटारीत बसल्यावर त्यांना ट्राम रस्त्यात आडवी येऊ लागली. ती रस्त्याच्या मधोमध चालते, उतारू भर रहदारीत उतरतात, ही तक्रार खोटी नव्हती. पण एका मोटारीत एक माणूस आणि एका ट्राममध्ये आख्खी चाळ, हा हिशेब कुणी केलेला माझ्या ऐकिवात नाही. ७ ऑगस्ट १९४७ ला ट्राम महापालिकेच्या हाती आली, आणि काही वर्षांतच एकेक मार्ग बंद होऊ लागला. ट्राम गेल्यावर लालबागचा रस्ता मोकळा झाला म्हणावं, तर आज तिथे उड्डाणपूल बांधूनही तो तुंबतोच.

३१ मार्च १९६४, मंगळवार. शेवटची ट्राम रात्री बोरीबंदरहून दादरला निघाली. माझं मॅट्रिकचं वर्ष. चाळीतली आम्ही पोरं रस्त्यावर जाऊन उभी राहिलो. दोन्ही बाजूंना ही गर्दी! ट्राम आली ती माणसांनी लगडलेली. लोक हात हलवत होते, कुणी डोळे पुसत होते. त्यातल्या कित्येकांनी ट्राम सोडून बस धरल्याला वर्षं झाली असतील. मीही ओरडलो, खोटं कशाला बोलू? अण्णांना बोलवायला वर गेलो तर ते म्हणाले, “त्यात काय बघायचंय? उद्या कसं जायचं ते बघायला हवं.”

दुसऱ्या दिवशी ते तासभर आधी निघाले आणि चालत गेले. पाऊस लागेपर्यंत चालतच गेले. मग पेढीच्या शेठकडून उचल घेऊन लोकलचा पास काढला. ती उचल फेडेपर्यंत दिवाळी आली.

मला पुढच्या वर्षी डॉकयार्डला एका गोदामात नोकरी लागली आणि मी जुनी सायकल घेतली. ट्राम गेली होती, पण रूळ बऱ्याच ठिकाणी तसेच रस्त्यात होते. सायकलचं चाक त्या खाचेत गेलं की संपलं. भर पावसात भायखळ्याच्या पुलापलीकडे मी असा आपटलो की कोपर सोललं आणि पँट फाटली. जवळच्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरने आयोडीन लावता लावता विचारलं, “कशाखाली आलास?”

“ट्राममुळे पडलो.”

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि डॉक्टरांना हाक मारली, “साहेब, याच्या डोक्यालाही लागलंय वाटतं.”